सोसायटीच्या गच्चीवर भाजीपाला: परवानगी द्यावी का?

धागाकर्ता: पुण्यातली आमची इमारत चार मजली, २२ वर्षांची. आठ-दहा घरांना गच्चीवर भाजीपाला लावायचाय, वरच्या मजल्यावरच्या दोन घरांचा ठाम विरोध आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येतोय. मी बागेच्या बाजूने. मे महिन्यात स्लॅब रात्री अकरालाही तापलेला असतो, वरच्यांच्या घरात पंखा गरम हवाच फिरवतो. बागेचा गारवा आधी त्यांनाच मिळेल, पण ते ऐकायलाच तयार नाहीत.

वरचा_मजला: कसे ऐकतील? आमच्याकडे चार वर्षांपूर्वी हौसेने विटांचे वाफे बांधले, थेट कोब्यावर माती टाकली. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या बेडरूमच्या छताला बशीएवढा ओला डाग पडला. मग पोपडे सुटले. एका पहाटे प्लास्टरचा तुकडा मुलीच्या उशीशेजारी पडला, वर पाहिलं तर गंजलेली सळई. वाफे उकरले तेव्हा पावसाच्या पाइपचं तोंड मुळांनी आणि चिखलाने गच्च बुजलेलं. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर सात महिने सभा चालल्या. मी बागेच्या विरोधात आहे आणि राहणार.

सळई_सिमेंट: स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून आकडे सांगतो. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतीवर किती भार धरायचा हे सांगणारं भारतीय मानक) दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे फक्त १५ सेंटिमीटरचा थर दिला तरी चौरस मीटरला २७० किलो! माणसं, टाक्या वेगळ्याच. मातीचे वाफे नकोच. तुमची इमारत १५ ते ३० वर्षांच्या गटात आहे, गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. झालंय का? नसेल तर आधी ते करा, मग बियाणं आणा.

पालापाचोळा: पण गच्चीवरची शेती मातीवरच होते हे कुणी सांगितलं? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास बाग सुरू केली, ती स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाचा, विचार त्यामागे होता. मी त्याच वाटेने जातो: टबात उसाचं चिपाड आणि वाळका पाला दाबून भरायचा, वर मूठभर माती. अमृतजल म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस ढवळायचं, मग दसपट पाणी घालून टबातल्या पाल्यावर शिंपडायचं. भरलेला टब मी एकटा सरकवतो. पाला कुजून काळा भुसभुशीत झाला की हातात घेऊन वास घ्या, पहिल्या पावसाचा येतो. आमच्या घरातून ओला कचरा खाली जातच नाही.

वरचा_मजला: टब असो वा वाफा, खालची ताटली पाण्याने भरली की आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार. दिवाळीत सगळे गावी गेले की टबांकडे कोण बघणार? आणि गारवाच हवा असेल तर गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात द्या. वजन नाही, मुळं नाहीत.

पालापाचोळा: चुना ऊन परतवतो, मान्य. दर उन्हाळ्यात द्यावा लागतो, तरी द्याच. पण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला अर्ध्या युनिटहून जास्त विजेइतकी उष्णता लागते. पानं पाण्याची वाफ सोडताना ती उष्णता आसपासच्या हवेतूनही घेतात. ते चुन्याला जमत नाही. ताटल्या मी वापरतच नाही. टब विटांवर, बुडाशी भोकं, पाणी वाहून जातं आणि खालचा कोबा झाडता येतो.

सळई_सिमेंट: विटा ठेवाल तिथे खाली बीम कुठून जातो ते नकाशात बघा. टब बीमच्या रेषेत, स्लॅबच्या मधोमध नाही. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांचं असतानाच काढा.

धागाकर्ता: ऑडिट झालेलं नाही, आजच विचारलं. मग सभेत बागेचा ठराव मागे घेऊन आधी ऑडिटचा मांडतो. सोबत वरच्या दोन घरांच्या नावे गळतीची अनामत ठेवायची, बाग करणाऱ्यांनी भरायची.

वरचा_मजला: अनामत किती, ते आकड्यात लिहा. आमच्या दुरुस्तीला एक लाख चाळीस हजार लागले होते.