चाचणीतला पहिला प्रश्न ‘पट्टी कोणती?’

शास्त्रीय गाणे न शिकलेल्या खेड्यातील मुलांनी उन्हाळी संगीत-नाट्य शिबिराच्या निवड चाचणीला जाऊच नये, हे मत अनेकदा ऐकू येते, पण मला ते अर्धेच पटते. शिक्षणाची उणीव असतेच. परंतु आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरात, जिथे दिवाळीनंतर झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाच्या या भागातली) नाटके रात्ररात्र चालतात आणि अनेक नट रंगमंचावर साथीला ऑर्गन-तबला घेऊन स्वतः गातात, तिथे वाढलेल्या मुलांचा कान आपोआप तयार होतो.

माझी मुलगी दहावीनंतर अशा चाचणीत अडखळली ती सुरांत नव्हे, तर ‘पट्टी कोणती?’, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गाणार, या पहिल्याच प्रश्नावर. आमच्याकडे गायकाने पद उचलले की ऑर्गनवाला पट्टी शोधून घेतो, त्यामुळे पट्टीचे नाव सांगण्याची वेळ कधी आलीच नव्हती. तेथील पेटीवादकाने अंदाजाने काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी, तिच्यासाठी फार उंच) धरली, वरच्या षड्जावर (‘सा’वर) आवाज फाटला आणि निवड हुकली. पुढील वर्षभर भजनी मंडळाच्या पेटीवर (शेजाऱ्यांच्या सहनशीलतेला नमस्कार) गाऊन तिने आपली पट्टी काळी तीन असल्याचे पक्के केले, आणि अंगणात नाचाची पावले टाकत पद म्हणण्याचा सरावही केला, कारण नाचताना श्वास कुठे घ्यायचा हे बसून गाताना कळत नाही. दुसऱ्या खेपेस तिची निवड झाली.