मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईसोबत प्राग कसे पाहावे?

नमस्कार,

येत्या सप्टेंबरमध्ये ७२ वर्षांच्या आईला घेऊन मी चार दिवस प्रागला जाणार आहे. ती इतिहासाची शिक्षिका होती. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या काळात १३५७ मध्ये बांधायला घेतलेला दगडी पूल पहाटेच्या शांततेत पाहावा आणि जुन्या चौकातील १४१० च्या खगोलीय घड्याळासमोर उभे राहावे, ही तिची फार जुनी इच्छा आहे. सुमारे अर्धा किलोमीटरचा पूल ती काठी टेकत, पुतळ्यांपाशी थांबत पार करील. मला खरी काळजी वाटते ती टेकडीवरच्या किल्ल्याची, कारण जिना चढताना तिला प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवावी लागतात.

२२ क्रमांकाच्या ट्रामने पायऱ्या टाळून वर जाता येते, परंतु थांब्यापासून किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथेड्रलपर्यंतची वाट तिला झेपेल का, आणि वाटेत बसायला बाके आहेत का? तसेच, दगडी फरसबंदीवर तिचा पाय पूर्वी एकदा मुरगळला असल्याने, मुक्काम जुन्या शहरात करावा की नदीपलीकडे माला स्त्रानामध्ये? ज्येष्ठांना घेऊन तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.