मदत हवी आहे: दोन मांजरं, भाड्याची मोटरहोम आणि मुंबई ते मालवण

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही तिघं (मी, नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी) मोटरहोम भाड्याने घेऊन कोकणात चाललोय. गोरेगावहून पनवेल, महाड, चिपळूण करत गणपतीपुळे, मग मालवण. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी आहे. मागे पलंग, मधे छोटा ओटा, एका कोपऱ्यात टॉयलेट, छतावर एसी. चालवायला गाडीमालकाचाच माणूस.

बरोबर मनी आणि बंड्या. मनी सात वर्षांची आणि महाभित्री, मिक्सर लावला तरी कपाटात जाऊन बसते. बंड्या दोन वर्षांचा बोका, नसबंदी झालेली आहे पण दाराची फट दिसली की साहेब जिन्यात. "शेजाऱ्यांकडे ठेवा", "हॉस्टेलला ठेवा" हे सल्ले कृपया नकोत. शेजारी पुण्याला गेले, आणि मनी अनोळखी जागी अन्नाला तोंडच लावत नाही.

रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांची लस) ही इंजेक्शनं झाली आहेत, चिप बसवली आहे, दोघांचे वेगळे पिंजरे आहेत. तरी अडलंय ते असं. नवऱ्याचं म्हणणं, एवढी मोठी गाडी आहे तर चालताना मोकळं सोडू, पिंजऱ्यात कशाला कोंडायचं? मला ते पटत नाही, पण पटवून देता येत नाही. दुपारी जेवायला खानावळीत बसलो तर मागे यांचं काय करायचं? मालक म्हणाला की गाडी उभी असताना छतावरचा एसी बाहेरून प्लग मिळाला तरच नीट चालतो. आणि ते सरकतं दार. आम्ही तिघं आणि चौथा ड्रायव्हर, कोणी ना कोणी ते उघडं टाकणार याची मला खात्री आहे.

कोणी असा प्रवास केला असेल तर सांगा.

प्रतिसाद: भटकी_मावशी

आम्ही दरवर्षी मांजर घेऊन जातो, व्हॅन थोडी लहान आहे इतकंच. तुमच्या नवऱ्याला एवढंच विचारा: घाटात मांजर ड्रायव्हरच्या पायाशी ब्रेकखाली शिरलं तर काय कराल? चालत्या गाडीत पिंजरा, आणि तोही सीटबेल्टने किंवा पट्ट्याने जखडलेला. नुसता पलंगावर ठेवलेला पिंजरा परशुराम घाटात पहिल्याच वळणाला खाली येईल. वर घरातली वापरलेली, न धुतलेली चादर टाका, वास ओळखीचा असला की निम्मी ओरड थांबते. हवा यायला एक बाजू उघडी ठेवा.

पण खरं सांगू का, चालत्या गाडीची मला फार काळजी वाटत नाही. मांजरं जातात ती उभ्या गाडीतून, एकतर दारातून किंवा उन्हाने. बाहेर ३२ अंश असले तरी बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ४५ च्या पुढे जातो. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. सावलीत लावली म्हणाल तर ऊन सरकतं आणि गाडी तिथेच राहते. त्यामुळे खानावळीत पाळी लावा, दोघांनी आधी जेवायचं आणि एकाने गाडीत थांबायचं. किंवा डबे आणून गाडीतच जेवा, नाहीतरी ओटा कशाला घेतलाय? गणपतीपुळ्याला मुक्कामाची जागा ठरवताना प्लग पॉइंट आहे का आणि एसीचा भार घेतो का, हे फोनवरच विचारून घ्या.

मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. ते तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर "दमलं असेल" म्हणून सोडू नका. साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंखा लावा आणि डॉक्टर गाठा. बर्फ लावू नका.

दाराचा आमचा नियम: मांजरं बंदिस्त आहेत हे पाहिल्याशिवाय सरकतं दार उघडायचं नाही. पिंजऱ्यात नाहीतर टॉयलेटमध्ये, पण बंदिस्तच. बाहेरचा माणूस आधी थाप मारतो, आतून "उघड" आलं की मगच दार सरकतं. ड्रायव्हरलाही पहिल्याच दिवशी हे सांगा, पाहुणा म्हणून संकोच नको. खिडक्यांच्या नायलॉन जाळीवर विसंबू नका, बंड्या ती दोन नखांत फाडेल. हार्डवेअरच्या दुकानातून तारेची जाळी कापून आणा.

आणि चिप म्हणजे जीपीएस नव्हे. ती स्कॅनरने वाचली तरच कामाची, आणि नोंदलेला फोन नंबर चालू असला तरच. गळ्यात ओढ बसल्यावर सुटणारा पट्टा आणि त्यावर नंबर, हे हवंच.

प्रतिसाद: दादरकर

मावशींचं बाकी सगळं मान्य, टॉयलेट सोडून. भाड्याच्या गाडीत ते फिनाईलने धुतलेलं असतं. मांजर पंजे चाटतं आणि ते थेट पोटात जातं, फिनाईल त्यांना विषारी आहे. मालकाला आधीच सांगा, किंवा स्वतः साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. शिवाय ती खोली बिनखिडकीची, दोन मिनिटांपुरती ठीक.

बंड्याच्या लघवीवर लक्ष ठेवा. प्रवासाच्या ताणाने बोक्यांची लघवी अडते. वाळूत जाऊन बसतोय, जोर करतोय, पण काही होत नाही, असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. घरचीच वाळू न्या, नवा ब्रँड आत्ता नको.

मनीसाठी डॉक्टरांशी गॅबापेंटिन या भीती कमी करणाऱ्या औषधाबद्दल बोला. बऱ्याच भित्र्या मांजरांना प्रवासाआधी दोनेक तास देतात. डोस डॉक्टरच ठरवतील, आणि घरी असतानाच एकदा देऊन बघा, म्हणजे ती किती झिंगते ते कळेल. आपल्या डब्यातली कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. गोचिडांसाठी कुत्र्यांचं औषध नको, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विषारी आहे.

आम्ही परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या (जनावरांच्या दवाखान्याच्या) आसपास राहणारी माणसं, आम्हाला डॉक्टर शोधावा लागत नाही. कोकणात आधीच शोधून ठेवा.

प्रतिसाद: कुडाळचा_बाबू

हार्नेस लावून बाहेर फिरवायचा विचार असेल तर संध्याकाळनंतर नको. आमच्याकडे बिबट्या वाडीत येतो, आणि दगडाच्या गडग्यात फुरसं असतं. बीचवर भटकी कुत्री वेगळीच.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ब्रेकचं वाचून दाखवलं, नवरा "बरं" म्हणाला. आमच्याकडे याचा अर्थ होकार असतो. पिंजरे आजपासून हॉलमध्ये उघडे ठेवलेत, बंड्या आत झोपतोय, मनी लांबूनच वास घेतेय. टॉयलेट मी स्वतः धुणार.

बिबट्यामुळे हार्नेसचा बेत रद्द, दोघं गाडीतच राहतील.

आता एकच राहिलं. चिपळूण, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात मांजरं हाताळणारे, रविवारी किंवा रात्री भेटू शकणारे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? दादरकर म्हणतात तसे नंबर निघण्याआधीच लिहून ठेवायचे आहेत. आणि बाबू, कुडाळला कोणी आहे का?