जुन्या हायब्रिडची बारा व्होल्टची बॅटरी वारंवार का बसते?

तळघरातली_गाडी (पुणे)
नमस्कार. माझ्याकडे 2010 सालची टोयोटा प्रियस असून गेल्या अडीच वर्षांत तिची स्टार्टर बॅटरी तीनदा बदलून झाली आहे. आठवड्यातले चार-पाच दिवस घरूनच काम असल्याने गाडी सोसायटीच्या तळघरात उभी असते, आणि सोमवारी सकाळी किल्ली खिशात असूनही दार उघडले नाही की बॅटरी पुन्हा बसल्याचे कळते. मग किल्लीतली धातूची पट्टी काढून दार उघडायचे आणि डिकीही विजेवरच उघडत असल्यामुळे मागच्या आसनावरून सरपटत जाऊन आतला खटका शोधायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. एका गॅरेजने मोठी हायब्रिड बॅटरीच संपल्याचे सांगितले आहे, परंतु एकदा सुरू झाली की गाडी पूर्वीसारखीच चालते. खर्चात पडण्याआधी नेमके काय तपासावे?

जुना_वायरमन
या गाडीत स्टार्टर नसतोच. इंजिन फिरवण्याचे काम सुमारे 200 व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर-जनरेटर करते. डिकीतली लहान बॅटरी फक्त संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडते. तेवढ्यासाठीही ती हवीच, आणि धक्का मारून ही गाडी सुरू होत नाही. मोठी बॅटरी खराब असती, तर इशाऱ्याचे दिवे लागले असते आणि चालताना फरक जाणवला असता. दार न उघडण्याशी तिचा संबंध नाही.
डिकीत शिरण्याचीही गरज नाही. बॉनेट उघडल्यावर फ्यूजच्या पेटीत लाल झाकणाखाली धन टोक असते. तिथे आणि गाडीच्या धातूच्या भागाला केबल लावली की काम होते. मात्र या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देण्याचा परोपकार करू नये, कारण मोठा प्रवाह खेचला गेल्यास मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरणारा महागडा कन्व्हर्टर जळू शकतो.

मल्टिमीटर
बॅटरी संपते आहे की कोणी संपवते आहे, हे आधी ठरवा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि "रेडी" दिवा (गाडी चालू स्थितीत असल्याची खूण) लागल्यावर साधारण 14 व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे.
त्यानंतर ऋण टोक सोडवून मध्ये मीटर 10 अँपिअरच्या खाचेत जोडा, डिकीचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने "बंद" करून ठेवा, किल्ली दूर नेऊन ठेवा आणि अर्धा तास थांबा. मधेच दार उघडलेत तर मीटरचा फ्यूज उडू शकतो. माझे दोन गेले आहेत. शेवटी 20 ते 50 मिलिअँपिअर दिसले पाहिजेत. जास्त दिसल्यास एकेक फ्यूज काढून बघा, आणि बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा.

तळघरातली_गाडी (पुणे)
रविवारी मोजले. अर्ध्या तासानंतरही मीटर 0.31 अँपिअरवर अडून राहिला होता. अडीच वर्षांपूर्वी सजावटीच्या दुकानातून बसवून घेतलेल्या डॅशकॅमची वायर काढताच तो 0.03 वर आला. त्यांनी ती कायम चालू असलेल्या फ्यूजवर जोडली होती, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसात अँपिअर-तास जात होते. 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत दोन तृतीयांश रिकामी होत होती. नव्या बॅटऱ्यांना मी उगाच दोष दिला.

जुना_वायरमन
वायर आता किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्या. अनेकदा खोलवर उतरलेल्या बॅटरीची क्षमता मात्र परत येत नाही, म्हणून सध्याची एजीएमसाठीच्या (म्हणजे आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषून ठेवलेल्या, बंद बॅटरीसाठीच्या) चार्जरवर रात्रभर लावून दोन दिवसांनी व्होल्टेज बघा, 12.4 च्या खाली घसरले तर ती बदलावी लागेल. बदलताना एजीएमच घ्या, कारण बॅटरी प्रवाशांच्याच बंदिस्त जागेत असल्याने साधी आम्लाची बॅटरी तिथे बसवणे योग्य नाही, आणि वायू बाहेर नेणारी नळी जोडायला विसरू नका. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर मधे एकदा तासभर "रेडी"मध्ये ठेवा, पण तळघरात नव्हे. इंजिन आपोआप सुरू होते, तेव्हा उघड्यावर नेऊनच.

तळघरातली_गाडी (पुणे)
चार्जर शेजाऱ्यांकडे मिळाला. बुधवारी सकाळी 12.3 दिसले, म्हणून एजीएमची चौकशी सुरू केली आहे.