काश्मीरहून आलेले 'तिथले लोक असे आहेत' म्हणतात, ते किती धरायचं?

रामबाग, इंदूर (धागा सुरू करणारे)

सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत काश्मीरचा विषय निघतोच. जाऊन आलेल्यांची दोनच मतं कानावर येतात. एक, 'लोक फार प्रेमळ, अगदी आपल्या बाजूचे.' दुसरं, 'तोंडावर गोड, मनात वेगळंच. ड्रायव्हर विचारतो, आप इंडिया से आए हो?'

माझं म्हणणं, दोन्ही मतं सारखीच कच्ची आहेत. सहा दिवसांत भेटतं कोण? टॅक्सीवाला, हाउसबोटचा मालक, शिकारा म्हणजे सरोवरातली होडी चालवणारा, घोडेवाला, शालींचा दुकानदार. सगळ्यांचं पोट पर्यटकावर. सोपोरचा सफरचंदांचा बागाईतदार, शाळामास्तर, बेकार पदवीधर, घरातल्या बायका यांच्याशी आपलं बोलणंच होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ३७० कलम गेलं आणि फोन-इंटरनेट बंद झाले. पोस्टपेड मोबाइल ऑक्टोबरच्या मध्यावर वाजले, फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. त्या दीड वर्षात घराघरांत काय साचलं, ते शिकाऱ्यात बसून कळायचं नाही. परतलेल्यांनी रस्ते, हॉटेलं, भाव जरूर सांगावेत. जनमत सांगू नये.

लोकमान्यनगर

अहो, पोट आपल्यावर आहे म्हणून माया खोटी, हे कुठलं गणित? २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जण मारले गेले. महाराष्ट्रातले सहा, आपल्या इंदूरचे एक, आणि पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही. दुसऱ्या दिवशी खोऱ्यात कडकडीत बंद होता. दहशतवाद्यांच्या विरोधात असा बंद तिथं पस्तीस वर्षांत झाला नव्हता. श्रीनगरच्या वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. दुकानं, खाजगी शाळा बंद, बस तुरळक. त्यांतल्या कितीतरी जणांचा पर्यटनाशी काडीचा संबंध नाही. हे तुमच्या हिशेबात कुठं बसतं?

तिलकनगर

ताई, बंद खरा. पण जून २०२५ मध्ये हल्लेखोरांना आसरा दिल्याच्या आरोपावरून एनआयएनं (राष्ट्रीय तपास संस्थेनं) पहलगाम भागातल्याच दोघांना अटक केली, हेही खरं. एका बंदवरून अख्खं खोरं आपलं ठरत नाही आणि दोन अटकांवरून परकंही ठरत नाही.

मन बघायचंच असेल तर मतपेटी बघा. श्रीनगर लोकसभेला २०१९ मध्ये जेमतेम १४ टक्के मतदान झालं होतं, २०२४ मध्ये ३८ टक्के. त्याच वेळी बारामुल्ल्यानं दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या आरोपावरून तिहार तुरुंगात असलेल्या अपक्ष इंजिनिअर रशीद यांना दोन लाखांहून जास्त मतांनी निवडून दिलं आणि माजी मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला पडले. चार महिन्यांनी विधानसभेत त्याच ओमर यांच्या पक्षाला ९० पैकी ४२ जागा मिळाल्या. राग तुरुंगातल्या उमेदवाराला मत देऊन दाखवायचा, आणि वीज-रस्ते-नोकरीसाठी जुन्या पक्षाकडे जायचं. एकच मतदार दोन्ही करतो. 'आपल्या बाजूचे की विरोधातले' हा प्रश्नच त्याला लागू पडत नाही.

सुदामानगर (सहलींची आखणी करणारे)

निवडणुका राहू द्या. पर्यटक जी कटुता घेऊन येतात, तिचा मोठा भाग राजकारणाचा नसतोच, व्यवस्था माहीत नसल्याचा असतो.

श्रीनगरहून केलेली गाडी पहलगामच्या स्टँडवर थांबते. पुढे आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडीला तिथल्या युनियनचीच टॅक्सी. दरपत्रक स्टँडवर लावलेलं असतं, ते वाचून, फोटो काढून मगच बसायचं. 'सगळे पॉइंट' असं मोघम ठरवलं की भांडण ठरलेलं; कुठले पॉइंट, किती वेळ थांबणार, हे आधी बोलून घ्यायचं. घोड्याचंही तसंच. गुलमर्गला गंडोलाचे, म्हणजे रोपवेचे, दोन टप्पे, कोंगडोरी आणि वर अफरवट, तिकिटं वेगवेगळी आणि ऑनलाइनच. वरचा टप्पा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९५० मीटरवर, वारा वाढला की बंद. तो बंद झाला म्हणून ड्रायव्हरवर चिडणारे असतात! बर्फ असेल तर टंगमर्गपासून चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, आणि हा खर्च आधी कोणी सांगितलेला नसतो.

आणखी एक. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड चालतं. पोहोचल्यावर फोन मुका होतो, घरचे घाबरतात, आणि माणूस आधीच धास्तावलेल्या मनानं हॉटेलात शिरतो. मग समोरच्याचा साधा चेहराही संशयास्पद वाटतो.

चोइथराम मंडी (फळांचा व्यापार)

सगळे पर्यटनावरच बोलताय. अर्थव्यवस्थेत त्याच्याहून जास्त घरं सफरचंदावर चालतात. देशातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तिथली. तिथल्या माणसाचा राग-लोभ समजून घ्यायचा तर जम्मू-श्रीनगर महामार्गाकडे बघा. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पावसानं रस्ता खचला आणि ऐन हंगामात ट्रक दिवसच्या दिवस उभे राहिले. उभ्या ट्रकात तळच्या पेट्या आधी गरम होतात, एक फळ बसलं की शेजारची चार बसतात आणि फळ्यांच्या फटींतून रस गळायला लागतो. मंडीत पोहोचेपर्यंत त्या मालाला गिऱ्हाईक नसतं. सप्टेंबरमध्ये बडगामहून दिल्लीला पार्सल गाडी सुरू झाली, ती याच दुखण्यावर. वर्षभराची कमाई रस्त्यावर सडताना बघणारा बागाईतदार तेव्हा दिल्लीबद्दल जे बोलतो, त्याला 'देशविरोधी भावना' म्हणणं अन्याय आहे. नाशिकचा कांदेवाला याहून वेगळं काय बोलतो?

रामबाग

लोकमान्यनगरच्या ताईंचा मुद्दा मान्य. घोडेवाल्यानं जीव दिला, तिथं 'पोटासाठी' हा शब्द वापरणं चूकच होतं. मंडीवाल्या काकांचं तर मी मनापासून मानतो.

पण त्या 'इंडिया से' वर एवढं चिडू नये. ती तिथल्या बोलण्यातली जुनी सवय आहे. कोणी ती ठरवून टोचायला वापरतो, कोणी तिच्यात फक्त 'खोऱ्याबाहेरून आलात का' एवढंच विचारतो. दुसरा शब्द 'हालात'. 'हालात ठीक नहीं' यात चकमक, संचारबंदी, बंद इंटरनेट, बंद रस्ता, सगळं मावतं. नेमकं काय झालंय ते अनोळखी माणसासमोर न बोलता सांगायची ती सोय आहे. हा शब्द ऐकला की खोदू नये. गाडीत मागं बसून 'पाकिस्तान के बारे में क्या सोचते हो' विचारणं तर अजिबात नको. रोज नाक्यांवर ओळखपत्र दाखवणारा माणूस खरं उत्तर देणार नाही, आणि दिलं तर अडचण त्याचीच.

लोकमान्यनगर

हे पटलं. तरी 'जनमत सांगूच नये' हे मला मान्य नाही. न सांगितलं तर इथं उरतात फक्त टीव्हीवरचे आरडाओरडा करणारे. पहलगामनंतर इतर राज्यांत शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना धमक्या आल्या, तेव्हा 'तिथं आम्हाला नीट वागवलं' एवढं सांगणारी चार घरंसुद्धा त्या मुलांना आधार होती. सांगावं, पण कोण भेटलं तेही सांगावं.

सुदामानगर

आता जाणाऱ्यांसाठी. हल्ल्यानंतरच्या आठवड्यात खोऱ्यातली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती, जूनपासून ती टप्प्याटप्प्यानं उघडू लागली. कुठलं उघडं आहे ते निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, जुन्या यादीवर जाऊ नका. मालवा एक्सप्रेस आपल्याला थेट कटऱ्याला नेते आणि जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत आहे, त्यामुळे महामार्ग बंद असला तरी दुसरा मार्ग हाताशी असतो. परतताना श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरच सगळं सामान उतरवून तपासतात, तीन तास हातात ठेवा.