‘पीच’ म्हणजे आट्यांची संख्या की आट्यांमधील अंतर?

प्रश्न : आमच्या जुन्या इंची लेथच्या (कातयंत्राच्या) लीड स्क्रूला, म्हणजे हत्यार पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, सगळे ‘आठ पीच’ म्हणतात आणि त्याच लेथवर पाडायच्या मेट्रिक आट्यांना (स्क्रूवरच्या फेऱ्यांना) ‘दीड पीच’. एकच शब्द दोन्हीकडे चालतो का? ‘मळसूत्र’ हा शब्द येथे वापरावा का?

उत्तर : बोलण्यात दोन्ही चालतात, पण अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. ‘आठ पीच’ म्हणजे इंचाला आठ आटे, ही मोजणी झाली. ‘दीड पीच’ म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत दीड मिलिमीटर, हे अंतर झाले. पहिल्यात आकडा वाढला की आटे बारीक होतात, दुसऱ्यात आकडा वाढला की जाड होतात. पीच या शब्दाचा मूळ अर्थ अंतर हाच असल्यामुळे तो मेट्रिकसाठी राखावा आणि इंची आट्यांना सरळ ‘इंचाला आठ’ म्हणावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हा आग्रह अनुभवातून आला आहे. शिकाऊ असताना ‘बाराचे आटे पाड’ एवढेच ऐकून मी १२ मिमी व्यासाच्या बोल्टाला चालणारे १.७५ मिमी अंतराचे आटे पाडले; गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचा) बोल्ट हवा होता, ज्याला इंचाला बारा आटे असतात. नट दोन फेऱ्यांत अडकला आणि गज वाया गेला. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश आणि मेट्रिकचा ६० अंश असतो, म्हणून पीच गेजची (आटे तपासायच्या मापकाची) दातेरी पाती आट्यात बसवून उजेडाकडे धरली की फट लगेच दिसते. मी तेवढेही केले नव्हते.

गिअर लावतानाही हेच स्पष्ट बोलणे उपयोगी पडते. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७; १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे अचूक मेट्रिक आट्यांसाठी १२७ दात्यांचे चाक लागते. इंचाला आठ आट्यांच्या लीड स्क्रूवर १२७ चे चाक आणि स्पिंडलच्या (काम फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाजूला चालक म्हणून ६० चे चाक लावले, की १.५ मिमीचे आटे मिळतात. १२७ नसेल तर ६३ दात्यांच्या चाकावर भागवतात. त्यात मीटरमागे सुमारे ०.१२ मिमी फरक पडतो, जो आखूड बोल्टाला जाणवत नाही.

‘मळसूत्र’ हा शब्द सुंदर आहे, पण तो अख्ख्या स्क्रूला शोभतो. त्यावरची एकेक फेरी म्हणजे आटा. म्हणून मळसूत्र कातले जाते आणि आटे पाडले जातात.

पुरवणी : ‘हाफ नट सोडणे’ (लीड स्क्रूला पकडून हत्यार चालवणारा दुभंगलेला नट उघडणे) हा शब्दप्रयोगही येथे जपून करावा. इंची लेथवर मेट्रिक आटे पाडताना, आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट सोडत नाहीत. हत्यार मागे घेऊन लेथ उलटा फिरवतात, कारण हाफ नट पुन्हा कधी जोडायचा हे दाखवणाऱ्या इंची डायलवरची खूण मेट्रिक आट्याशी जुळत नाही. त्यामुळे शिकाऊ मुलाला ‘परत आण’ एवढेच न सांगता ‘उलटा फिरवून परत आण’ असे सांगावे.