तापीच्या बेटावरचे डांगरमळे: कसे करत, आणि आता जमतील का?

काठावरचा
राम राम मंडळी. शिरपूर तालुक्यात आमच्या गावासमोर तापीच्या पात्रात वाळूचं बेट आहे. दिवाळीनंतर भोई-कोळ्यांची बिऱ्हाडं नावेनं तिकडे जायची आणि पाऊस येईपर्यंत डांगर, टरबूज, काकडी करायची, एवढं सगळे सांगतात. पद्धत विचारली की मात्र गाडी अडते. गावाच्या पुस्तिकेत चार पानं यावर लिहायची आहेत. शिवाय दोन पोरं यंदा पाच गुंठ्यांवर डांगर करून बघायचं म्हणताहेत. चर किती खोल, खत किती, पाणी कुठून? राहायची खोप (झोपडी) वाळूत उभी कशी राहायची? आणि हे बंद का पडलं? जो तो वाळूउपशाकडे बोट दाखवतो, मला ते पुरतं पटत नाही.

वाळूतली_मुळी
भाऊ, पुस्तिकेत पहिल्याच ओळीत लिहा की डांगर म्हणजे आपलं खरबूज. पुण्याकडचा वाचक लाल भोपळा समजतो, ज्याला आपण गंगाफळ म्हणतो.

आता जागा. सगळा खेळ वाळूखालच्या ओलीचा आहे. दोन-तीन ठिकाणी खणून बघायचं. दोन ते तीन फुटांवर पाणी लागलं तर जागा कामाची. फूटभरावर लागलं तर मुळं कुजतात, चार फुटांखाली गेलं तर वेलाला पोचत नाही. वाळू बारीक, थोडी गाळ मिसळलेली हवी. ओली वाळू मुठीत दाबल्यावर गोळा धरला पाहिजे. जाड वाळूत पाणी वर चढतच नाही, चार बोटांवर ओल असूनही वेल तहानलेला.

जुने लोक सलग चर काढत: दोन फूट रुंद, अडीच फूट खोल, दोन चरांत सहा फूट अंतर. टरबुजाला आठ फूट. पाच गुंठ्यांत असे नऊशे फूट चर होतात, म्हणजे साडेचार हजार घनफूट वाळू उपसायची. वर कडा ढासळतात ते वेगळंच. बिऱ्हाडातली सगळी माणसं राबत तेव्हा ते उरकायचं. दोन पोरांनी त्या फंदात पडू नये. तीन-तीन फुटांवर सुटे खड्डे घ्यावेत, तोंड दोन फूट, खोली ओल लागेपर्यंत. साधारण तीनशे खड्डे बसतात आणि उपसा निम्म्यावर येतो.

खड्ड्यात एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत, थोडा गाळ, वर वीतभर वाळू. तीनशे खड्ड्यांना एक ट्रॉली लागते. कच्चं शेण टाकलं की उष्णतेनं कोंब जळतो आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, इथेच नवखे फसतात. बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचं, चुलीजवळ दोन-तीन दिवस उबेला ठेवायचं. पांढरा मोड दिसला की खड्ड्यात तीन-चार बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. दोन खरी पानं आली की दोन रोपं ठेवून बाकी उपटायची. पाच गुंठ्यांना पन्नास ग्रॅम बी भरपूर.

पहिले दोन-तीन आठवडे हातानं पाणी. बेटावरच झिरा (पाणी झिरपून साचणारा खड्डा) खणायचा, तांब्या-तांब्यानं घालायचं. मुळी ओलीला भिडली की पाणी बंद. पुढेही घालत राहिलात तर मुळी वरच रेंगाळते आणि एप्रिलच्या उन्हात वेल माना टाकतो. महिन्याचा वेल झाला की वीतभर लांबून दर खड्ड्याला वीस-पंचवीस ग्रॅम युरिया, फुलोऱ्याआधी आणखी एकदा.

वेल पसरायच्या आत वाळूवर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि वाळलेलं गवत अंथरायचं. तणावे (वेलाचे धरून ठेवणारे दोरे) त्यात धरतात, नाहीतर वारा वेल गुंडाळून टाकतो. फळही तापल्या वाळूवर भाजत नाही.

फुगवटा
बंद पडण्याबद्दल. वाळूउपसा हे कारण खरंच आहे. बारीक वाळू गेली, डोह राहिले, ओल खाली गेली. पण तुमच्या गावाचं गणित बहुधा बॅरेजनं बदललं असावं.

तापीवरची धरणं आणि बॅरेज (दरवाज्यांचे बंधारे) वरून खाली बघा: हतनूर, शेळगाव, पाडळसे (याचं काम किती वर्षं चाललंय!), सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई. उकाई १९७२ चं, हतनूर १९८२ चं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज २००० नंतरच्या दशकातले. बॅरेजचे दरवाजे पावसाळा सरला की पाडतात आणि पाणी अडवतात. डांगरमळ्याला बेट उघडं लागतं तेही नेमकं तेव्हापासूनच. फुगवट्यात, म्हणजे बॅरेजमागे तुंबलेल्या पाण्यात, येणारी बेटं त्यामुळे हंगामभर पाण्याखाली राहतात आणि उघडी पडतात ती उन्हाळ्यात, पेरणीची वेळ टळल्यावर. तुमचं बेट सुलवाड्याच्या फुगवट्यात आहे का, हे आधी बघा. असेल तर पोरांना तिथे जाऊ देऊ नका.

दुसरं, गाळ. दर पुराला बेटावर नवा गाळ बसायचा, तेच फुकटचं खत. तो आता मोठ्या प्रमाणात हतनूरमध्येच अडकतो. हतनूर गाळानं भरलंय हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

परवानगीशिवाय खणू नका. पात्र सरकारी आहे, एकसाली पट्ट्यासाठी तहसीलला अर्ज करा. जमीन साठ्याचं पाणी ओसरून उघडी पडणारी असेल तर ती गाळपेर, तिचा अर्ज जलसंपदाकडे, आणि तिथे प्रकल्पग्रस्तांना आधी मान. पाणी कधी सोडणार हेही त्याच कार्यालयात विचारून ठेवा. तापीला मिळणाऱ्या गिरणेच्या पात्रात भर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचं आवर्तन येतं. तोडणीला आलेला मळा त्यात एका रात्रीत जातो.

आखाजी
वरची माहिती बरोबर आहे, एक राहिलं. उपसलेली वाळू कुठेही टाकायची नाही. चराच्या किंवा खड्ड्याच्या उत्तर-पश्चिम अंगाला तिचा बांध घालायचा, वर पऱ्हाट्या तिरप्या खोवायच्या. आपल्याकडे पौषात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि पात्रात वारा अडवायला काही नसतं. आडोसा नसला तर रोप जिवंत राहतं, पण महिनाभर जागचं हलत नाही.

पेरणीची तारीख आखाजीवरून (अक्षय तृतीयेवरून) मागे मोजत यायची. त्या दिवशी पितरांची घागर भरताना वर डांगर ठेवतात, त्यामुळे त्या आठवड्यात मागणी सगळ्यात जास्त. थंडीत पेरलेल्या डांगराला शंभर-एकशेदहा दिवस धरा. म्हणजे संक्रांतीच्या सुमारास पेरलेलं आखाजीला निघतं. देठाशी गोल भेग पडली आणि फळ हलक्या हातानं सुटलं की पिकलं. लांब पाठवायचं असेल तर भेग अर्धी असतानाच तोडा. टरबुजाचा देठ असा सुटत नाही. त्याचा देठाजवळचा तणावा वाळतो, जमिनीकडची बाजू पिवळी होते, आणि टिचकीला आवाज बद्द येतो.

रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे येतात, सकाळी दवातच राख धुरळायची. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली म्हणून गंधक मारू नका, डांगराची पानं उन्हात करपतात. कोणतीही फवारणी संध्याकाळी करा. सकाळी फुलावर मधमाशी असते, ती गेली की फळधारणा गेली. फळमाशीला क्यू ल्यूरचे (माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे, पाच गुंठ्यांना एक पुरतो.

खोपीचं: वाळूत नुसता खुंटा धरत नाही. खांबाच्या बुडाला हातभर आडवं लाकूड बांधून तीन फूट पुरायचं, वर वाळू ओली करून तुडवायची. खोप बेटाच्या सगळ्यात उंच भागावर, दार वाऱ्याच्या उलट्या अंगाला. राखणीचा माळा वेगळा. कोल्हा रात्री येतो आणि मळ्यातलं सगळ्यात गोड फळ बरोबर हुंगून फोडतो.

काठावरचा
उपकार झाले मंडळी. चौकशी केली, बेट फुगवट्याच्या वर आहे. काल वरच्या टोकाला खणलं: पाणी साडेचार फुटांवर, वाळू जाड, गोळा धरत नाही. सोडून द्यायचं का?

वाळूतली_मुळी
वरच्या टोकाला असंच लागणार. तिथे धार आपटते, जाड वाळू तिथेच बसते. बारीक वाळू आणि गाळ साचतो तो बेटाच्या शेपटीला, जिथे दोन्ही धारा परत मिळतात. शेपटीपासून पन्नास-साठ पावलं आत तीन खड्डे घ्या, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी पाण्याची पातळी मोजा. खणल्याबरोबर मोजलेली पातळी खरी नसते, पाणी झिरपून वर यायला वेळ लागतो. तीन फुटांच्या आत आलं तर पोरांना म्हणावं, आधी पट्ट्याचा अर्ज करा आणि खताची ट्रॉली सांगून ठेवा. पूर्ण कुजलेलं खत डिसेंबरात मिळत नाही.